आवाज मोजायचा तो कानापाशी

घरी चित्रपट पाहताना रिमोट हातातून सुटत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. पात्रं बोलू लागली की आवाज वाढवायचा, स्फोट झाला की घाईघाईनं कमी करायचा. दोष कधी ध्वनिमुद्रणाला दिला जातो, कधी स्पीकरच्या किमतीला. पुष्कळदा मात्र कारण साधं असतं. घरातल्या स्पीकरांच्या पातळ्या एकमेकांशी जुळवलेल्याच नसतात.

'५.१' या सराउंड रचनेत पाच मुख्य स्पीकर असतात. समोर डावा, उजवा आणि मधला सेंटर, तर दोन्ही बाजूंना किंचित मागे दोन सराउंड. पुढचा '.१' म्हणजे खर्जातले आवाज देणारा सबवूफर. चित्रपटातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात. मागचा पाऊस, समोरचं बोलणं आणि खालून येणारा गडगडाट यांचं प्रमाण ध्वनिमिश्रक ठरवतो. तो जिथं बसतो तिथं प्रत्येक स्पीकर ठरावीक पातळीला लावलेला असतो. तेच प्रमाण घरी हवं असेल, तर आपल्या बसण्याच्या जागीही पाचही मुख्य स्पीकर सारख्याच पातळीचे ऐकू यायला हवेत.

स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरवर सगळ्यांच्या पातळीचे आकडे सारखे ठेवून हे साधत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी ६ डेसिबलनं घटते. घरात भिंती ध्वनी परतवतात, त्यामुळे घट थोडी कमी असते, पण असते. सोफ्याच्या कडेला दीड मीटरवर असलेला सराउंड तीन मीटरवरच्या सेंटरला सहज झाकून टाकतो. शिवाय सगळे स्पीकर सारखे कार्यक्षम नसतात. एकाची संवेदनशीलता ८६ डेसिबल आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला दुप्पट वीज लागते. तीन डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट. कानाला मात्र आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात.

मग नुसतं ऐकून का जुळवू नये? कारण आपला कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं, की खर्जातल्या स्वरांबाबत कान मंद असतो आणि आवाज हळू असताना हा मंदपणा आणखी वाढतो. म्हणून रात्री हळू आवाजात पाहताना सबवूफर गायब झाल्यासारखा वाटतो. त्या वेळी तो वाढवून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात तोच संवाद बुडवतो.

म्हणून मोजमाप हवं. रिसीव्हरच्या मेन्यूत 'टेस्ट टोन' असतो. तो एकेका स्पीकरमधून संततधार पावसासारखा सलग आवाज सोडतो. याला पिंक नॉईज म्हणतात. प्रत्येक सप्तकात त्याची ऊर्जा सारखी असते, म्हणून तो तुलनेला योग्य. ध्वनिपातळीमापक 'सी' वेटिंग आणि 'स्लो' वर ठेवायचा. 'ए' वेटिंग ५० हर्ट्झपाशी सुमारे ३० डेसिबल कापून टाकतं, त्यामुळे सबवूफरसाठी ते निरुपयोगी ठरतं. मापक हातात न धरता स्टँडवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला ठेवावा. मग प्रत्येक स्पीकर एकाच आकड्यावर आणायचा. घरगुती रिसीव्हरच्या टोनसाठी ७५ डेसिबल हा रूढ आकडा आहे. मोबाइलवरचं ॲप खरा आकडा देईलच असं नाही, पण मुख्य स्पीकरांमधला फरक त्यावर कळतो. खर्जासाठी मात्र त्यावर विसंबू नये.

त्याआधी बसण्याच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर रिसीव्हरमध्ये भरावं. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. तोच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर मेंदू आधी पोचलेल्याच्या दिशेला कौल देतो. अंतरं नीट भरली, की रिसीव्हर जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढा थांबवून धरतो.

सबवूफरची गोष्ट निराळी. ४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ मीटरच्या वर भरते, खोली त्याहून लहान असते. चार मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्झला उभी लहर तयार होते. लांबीच्या दोन टोकांच्या भिंतींपाशी तो स्वर घुमतो आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी पातळीचं बटण फिरवून उपयोग नाही, सबवूफर किंवा सोफा सरकवावा लागतो. अर्धा मीटरही पुरेसा फरक करतो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सर्वांत दणकट वाजतो, पण एकसारखा वाजेलच असं नाही.

बऱ्याच रिसीव्हरसोबत मायक्रोफोन येतो आणि त्याच्या मदतीनं रिसीव्हर पातळ्या आणि अंतरं आपोआप लावतो. तरी नंतर एकदा मापकानं पडताळून पाहावं. संवाद अजून दबत असतील, तर सेंटर एक-दोन डेसिबल वाढवायला काहीच हरकत नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असणारच. मात्र ती मोजलेल्या पायावर उभी राहिली, की किती बदललं हे माहीत असतं आणि नको वाटल्यास मूळ जागी परतता येतं. शब्द स्पष्ट ऐकू येऊ लागले, की एकूण आवाज कमी ठेवूनही चित्रपट पुरा अनुभवता येतो. घरातल्या वृद्धांना, झोपलेल्या मुलांना आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना त्याचा लाभ होतो, आणि त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही.