ताळेबंद वाचणारी पोरं

बारावीचा निकाल लागला की मोर्शीच्या बाजारात एकच सवाल कानी येतो, "पोराले कुठी टाकू जी?" अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नाव काढले तर आपल्यातलाच कोणी म्हणतो, "शेतीच कराची त शिकून काय करतं?" तिथे कृषी अर्थशास्त्रही शिकवतात. बी.एस्सी.ला त्याचे धडे, एम.एस्सी.ला स्वतंत्र विषय. हे पुष्कळांना ठाऊक नाही.

पीक काढणे आपल्याला येते. पैसा कुठे गळतो ते उमगत नाही. उसाचा एफ.आर.पी. केंद्र सरकार गाळपाआधी ठरवते. 2025-26 ला 10.25 टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला 355 रुपये. संत्र्याला असा आधार कुठला? आंबिया बहार आपण झाडावरच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतो. मग बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की इथला सौदा कोसळतो, आणि आपण दलालाला शिव्या देतो.

1950 साली प्रवरेचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीवर उभा राहिला. पण पहिले अध्यक्ष केले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना. शेतकऱ्यांनी विद्वानाला खुर्ची दिली ती मिरवायला नव्हे.

आमच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो, आम्ही माना डोलावतो. कळतो किती जणांना, ते आमचे आम्हाला ठाऊक! यंदा अर्ज भरताना पोरीलाही विचारा.