शहराच्या वाटेवरचे सावलीचे गाव : नांदगाव पेठ

नागपूर महामार्गाने अमरावतीबाहेर पडून रहाटगाव मागे टाकले की काही किलोमीटरवर नांदगाव पेठ लागते. कारभार ग्रामपंचायतीचा, पोलीस ठाणे मात्र अमरावती शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतले. गाव आज अर्धे खेडे आणि अर्धे उपनगर आहे, ते असे.

महामार्गावर रात्रंदिवस ट्रक धावतात. गावठाणात शिरले की चित्र बदलते. घरापुढे अंगण, अंगणात कडुनिंब, त्याच्या बुंध्याशी टाकलेली बाज. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा या झाडाची किंमत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. उन्हात कुरड्यांचे वाळवण आणि निंबाखाली बसून त्याची राखण, अशा इथल्या दुपारी. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटते, घराघरांत कापसाचे ढीग लागतात. पोळ्याला बैल सजतात, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात.

शहराची सोयही हाताशी आहे. कॉलेज, मोठा दवाखाना, लग्नाची खरेदी यासाठी अमरावती गाठायला ऑटो किंवा एसटी पुरते. संध्याकाळी माणूस परत येतो तो ओळखीच्या गल्लीत. कोणाकडे पाहुणे आले, कोणाच्या वावरात फवारणी राहिली, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. फ्लॅट घेण्याची ऐपत असूनही अनेकांना इथेच राहावेसे वाटते, त्याचे कारण या शेजारात आहे.

गावाला रोजगार दिला तो एमआयडीसीने. ज्या भागातला कापूस पिढ्यान्‌पिढ्या गाठी बांधून बाहेर गेला, तिथेच आता रेमंड, सियाराम यांसारख्या कंपन्यांचे कापड उद्योग उभे आहेत. बाप वावरात आणि मुलगा शिफ्टला, असे दोघे एकाच उंबऱ्यातून निघतात. २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याच्या कार्यक्रमातून इथल्या पीएम मित्र या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. त्यासाठी १,००० एकर जागा आहे. जवळच २७० मेगावॅटच्या पाच संचांचा, एकूण १,३५० मेगावॅटचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. त्याला लागणारे पाणी अप्पर वर्धा धरणाचे, आणि अमरावती शहर पिते तेही त्याच धरणाचे. ते पाणी ओलिताला द्यायचे की विजेला, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

उद्योग आले की माणसे येतात, माणसांना घरे लागतात. रस्त्यालगतची वावरे एनए होऊन त्यांचे प्लॉट पडतात. धुऱ्यावरची जुनी झाडे लेआउटच्या नकाशात कुठेच नसतात. ग्रामीण भागातल्या झाडांना १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा लागू आहे. परवानगीशिवाय तोडता न येणाऱ्या झाडांच्या त्याच्या अनुसूचीत सागवान, आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत, कडुनिंब नाही. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे वृक्ष प्राधिकरण असते, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून जादा संरक्षण मिळाले. नांदगाव पेठेतल्या निंबाला यातले काहीच लाभत नाही. गाव उद्या शहराच्या कायद्याखाली येईलही, पण तोवर तोडलेली झाडे परत येणार नाहीत. रोप लावून सावली मिळायला पंधरा-वीस वर्षे जातात.

याच महामार्गावर पुढे मोझरी आहे. तिथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला. गावाचे भले गावानेच ठरवावे, ही त्यांच्या ग्रामगीतेची शिकवण या पट्ट्यात घरोघरी पोहोचलेली आहे. त्या शिकवणीला जागण्याची वेळ नांदगाव पेठेवर आली आहे.

ग्रामसभेने गावातल्या जुन्या झाडांची यादी करून ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावी. लेआउटमधली मोकळी जागा कागदावर न ठेवता तिथे निंब, वड, पिंपळ, चिंच लावावी आणि पहिले तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. कारखान्यांनीही आपल्या आवाराबाहेर, गावाच्या रस्त्यांवर झाडे लावून जगवावीत. कारखाने हवेतच, पोरांच्या हाताला काम हवेच. पण कामावरून परतणाऱ्या पोराला बसायला सावली उरली नाही, तर नांदगाव पेठ अमरावतीची आणखी एक तापलेली वसाहत होईल. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडायला गावकऱ्यांना कोणाच्या परवानगीची गरज नाही. तो त्यांनी मांडावा.