तुंबलेल्या तोटीचं मूळ

तोटी उघडल्यावर पहिले दोन-तीन लिटर झोकात येतात. मग धार बारीक होते, थेंब थेंब गळते आणि थांबते. वर भांड्यात पाच किलो भिजलेलं धान्य आणि त्यात अडकलेला गरम, गोड रस. घरी बिअर करणारे अमेरिकन याला ‘स्टक स्पार्ज’ म्हणतात, आणि पहिला राग निघतो तो तोटीवर. कुणी तिच्यात तार खुपसतं, कुणी नळीतून फुंकर मारतं. ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

घरगुती बिअरला तिथे कायद्याची मान्यता उशिराच मिळाली. 1933 साली दारूबंदी उठली तेव्हा घरी वाईन करायची मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती उणीव भरून काढणाऱ्या विधेयकावर जिमी कार्टर यांनी सही केली ती 1978च्या ऑक्टोबरमध्ये. (महाराष्ट्रात 1949च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर करणं आजही गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी पातेलं चढवू नये.) सुरुवातीचे बरेचसे शौकीन डब्यातला मॉल्टचा घट्ट अर्क पाण्यात कालवून उकळत. त्यात गाळायचं काहीच नसे. पुढे अख्ख्या धान्यापासून बिअर करायची हौस वाढली आणि तिच्याबरोबर ही कटकटही घरात आली.

सातू अंकुरवून वाळवला की मॉल्ट होतो. तो भरडून साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवला की एन्झाइम त्यातल्या पिष्टाची साखर करतात. मग तो गोड रस, म्हणजे वर्ट, खालून काढायचा आणि वरून 75 अंशांच्या आसपासचं पाणी सोडून उरलेली साखर धुऊन घ्यायची. भांड्याच्या तळाशी भोकांची स्टीलची जाळी असते, पण ती खरी गाळणी नव्हे. तिचं काम धान्य वर धरून ठेवायचं. गाळतं ते सातूचं टरफल. गव्हाचा दाणा मळणीत उघडा पडतो, सातूचं टरफल मात्र दाण्याला चिकटून राहतं. भरडल्यावर त्याच टरफलांचा जाळीवर सैलसर थर बसतो आणि त्यातल्या फटींतून रस निथळतो. पहिला गढूळ रस हलक्या हाताने पुन्हा वर ओततात तो हा थर नीट बसावा म्हणून.

हे एकदा लक्षात आलं की तोटीऐवजी गिरणीकडे बघायची बुद्धी होते. मॉल्ट भरडायचा असतो, दळायचा नसतो. दाणा आतून फुटावा, टरफल मात्र शक्यतो अख्खं राहावं. घरच्या गिरणीत दोन रोलरांमधलं अंतर मिलिमीटरभर किंवा किंचित जास्त ठेवतात. काही जण भरडण्याआधी मॉल्टवर त्याच्या वजनाच्या एक-दोन टक्के पाणी शिंपडून थोडा वेळ थांबतात. टरफल लवचीक होतं आणि चुरा कमी होतो. मला ही युक्ती सगळ्या महागड्या जाळ्यांपेक्षा मोलाची वाटते. पीठ जास्त पडलं तर साखर थोडी जास्त मिळते हे खरं, पण तेच पीठ फटींत जाऊन बसतं.

गहू, राय आणि चपटे ओट्स यांना टरफल नाही, वर चिकटपणा. ओट्समधलं बीटा-ग्लुकान रस बुळबुळीत करतं; राय तर याबाबतीत सर्वांत कुप्रसिद्ध. अशा वेळी अमेरिकेतले लोक दुकानातून पिशवी विकत आणतात ती भाताच्या तुसाची! आपल्याकडे गिरणीमागे ढीग लागतो आणि वीटभट्टीत जातो तेच तूस. धान्याच्या पाच ते दहा टक्के मिसळलं की थर मोकळा राहतो आणि चवीत फरक पडत नाही. दुसरा उपाय म्हणजे मिश्रण आधी 40 ते 45 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवणं. बीटा-ग्लुकान तोडणारं एन्झाइम त्याच तापमानाला काम करतं. फिनलंडमधल्या खेड्यांत साहती नावाची बिअर करताना लाकडी ओंडका कोरून केलेल्या, कुर्ना नावाच्या पन्हळीत जुनिपरच्या फांद्या आणि पेंढा अंथरतात. तूस काय, पेंढा काय, रसाला वाट मिळण्याशी मतलब.

यानंतर उरते घाई. तोटी पूर्ण उघडली की खालून ओढ लागते, थर दबतो आणि फटी मिटतात. मिनिटाला लिटरभर, एवढीच धार पुरे. भांडं थंड पडलं तर रस दाट होतो, म्हणून शेवटी सगळं 76 अंशांपर्यंत तापवून घेतात. त्याच्या फार वर मात्र जाऊ नये. टरफलातला तुरटपणा उतरतो.

तरीही अडलंच तर आधी तोटी बंद करावी. दोन-तीन लिटर गरम पाणी घालून तळापासून ढवळावं, दहा-पंधरा मिनिटं बसू द्यावं, पहिला गढूळ रस वर ओतावा आणि तोटी पाव भागच उघडावी. याहून छान म्हणजे तोटीतूनच उलटं, खालून वर गरम पाणी सोडणं. दबलेला थर त्यावर तरंगून सुटा होतो. फुंकर मारणाऱ्यांना कधीकधी यश येतं तेही याच कारणाने, आणि रस पुढे तासभर उकळायचा असल्याने त्यात किळस मानायचं कारण नाही. ढवळूनही थेंब आला नाही तरच तोटीवर संशय घ्यावा: जाळी एका बाजूने उचकटली असेल, तिच्याखाली धान्य शिरलं असेल. मग सगळं दुसऱ्या पातेल्यात उपसण्यावाचून गत्यंतर नाही.

ऑस्ट्रेलियातल्या हौशी मंडळींनी हा सगळा व्यापच टाळला. धान्य मोठ्या जाळीदार पिशवीत घालून भिजवायचं आणि तासाभराने पिशवीच उचलायची. गाळणी कापडाची असल्याने टरफल शाबूत राहण्याची फिकीर नाही, धान्य बारीकही दळता येतं. फक्त पाच किलो धान्य पाणी पिऊन जड झालेलं असतं आणि चांगलं तापलेलंही, म्हणून उचलायला छताला कप्पी लावून ठेवतात.