मधल्या वजनाचा मल्ल

२०२५ साली अहिल्यानगर जिल्ह्याने दोन महिन्यांत महाराष्ट्र केसरीच्या दोन गदा पाहिल्या. २ फेब्रुवारीला नगरच्या वाडिया पार्कात पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. मार्चअखेरीस कर्जतला दुसऱ्या संघटनेच्या स्पर्धेत वेताळ शेळकेने गदा घेतली. नगरच्या उपांत्य लढतीत शिवराज राक्षेचे खांदे टेकले होते की नव्हते, यावर पारावर अजून तावातावाने बोलणं होतं. पण त्याच मैदानात ७४ किलोत सुवर्ण कोणी घेतलं, असं मी ज्याला ज्याला विचारलं त्याला नाव सांगता आलं नाही.

मधलं वजन विसरायची ही सवय आपल्याला हगाम्याने लावली. जत्रेच्या हगाम्यात वजनकाटा नसतो. पंच दोन पोरं समोरासमोर उभी करतात, अंगलट पाहतात आणि जोड लावतात. आधी रेवड्यांवरच्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या, मग इनाम वाढत वाढत जाणाऱ्या जोडी, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. रेवड्यांची गंमत लक्षात राहते, शेवटची कुस्ती वर्षभर पुरते. मधल्या जोडी सुटतात तेव्हा निम्मी माणसं शेव-रेवडी घ्यायला उठलेली असतात. मला मात्र लहानपणापासून त्या मधल्या कुस्त्यांचंच वेड. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या गड्याकडे एकेरी पटात शिरायचा वेग असतो आणि समोरच्याला उचलून टाकायची ताकदही. हलक्या गटातली चपळाई आणि जड गटातला दाब, दोन्ही त्याला सोसावे लागतात. म्हणून या वजनात दर्दी माणसाला सगळ्यात जास्त पाहायला मिळतं.

गदा जड गटाची. तिच्यावरून मल्लाची उंची मोजायची ठरवली तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना कुठे बसवणार? १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिलं, ते ५७ किलोत. आपल्या जामखेडच्या शिवेपलीकडच्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ ला राष्ट्रकुलात ५७ किलोचं सुवर्ण आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोचं कांस्य घेऊन आला. गदा या दोघांकडेही नाही.

मधल्या वजनापुरता विचार केला तर माझ्यासमोर नाव येतं नरसिंग यादवचं. मुंबईत दूध घालणाऱ्या घरातला हा मुलगा. २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षं त्याने गदा घेतली, आणि लोक त्याला त्यासाठीच ओळखतात. त्याचं खरं काम ७४ किलोत आहे. २०१० मध्ये दिल्लीत आशियाई अजिंक्यपद आणि राष्ट्रकुल, दोन्ही सुवर्णं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत हार. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्य. आणि २०१५ ला लास व्हेगासमध्ये जागतिक कांस्य. त्या लढतीत तो फ्रान्सच्या मल्लापेक्षा गुणांनी खूप मागे होता, आणि तिथून त्याने त्याला चितपट केलं. त्या पदकाने भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळाली. माझ्या लेखी ती एक कुस्ती तिन्ही गदांपेक्षा मोठी.

सुशील कुमार थोर आहेच, पण त्याची दोन ऑलिंपिक पदकं आणि जागतिक सुवर्ण ६६ किलोतली. ७४ मध्ये तो २०१४ ला राष्ट्रकुल विजेता झाला. रिओसाठी चाचणी घ्या, ही त्याची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या जूनमध्ये फेटाळली, आणि जागा नरसिंगकडे राहिली. वजनाच्या बाबतीत बॉक्सिंगवाले आपल्यापेक्षा काटेकोर. मार्व्हिन हॅगलरने १९८० ते १९८७ मिडलवेटचं जगज्जेतेपद राखलं, १२ वेळा आव्हान परतवलं आणि वजन कधी सोडलं नाही. त्याचा मोठेपणा ते १६० पौंडांच्या आतच जोखतात. तो हेवीवेटला भारी पडला असता का, असं कोणी विचारत नाही.

नरसिंगच्या हिशेबात २०१६ वगळता येणार नाही. बंदी असलेलं द्रव्य नमुन्यात सापडलं. घातपात झाला हे त्याचं म्हणणं राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केलं, पण १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने ते नाकारून चार वर्षांची बंदी घातली. उमेदीची चार वर्षं गेली. तो निकाल नोंदीत राहणार, आणि आधीची पदकंही. दोन्ही मांडून मी म्हणतो: रिओचं मैदान न मिळालेला, तरीही महाराष्ट्राने ७४ किलोत दिलेला सर्वांत मोठा मल्ल नरसिंग यादव आहे.

जत्रांचा हंगाम तोंडावर आला आहे. आपल्या गावच्या यात्रा कमिटीला एवढंच सांगायचं आहे: यंदा हगाम्यात एक वजनकाटा ठेवा, आणि प्रत्येक निकाली कुस्ती नाव, गाव आणि वजनासह वहीत लिहून ठेवा.