पोलादाला पाणी देताना

कोलकात्याला गेलात तर हावड्याचा पूल पायी ओलांडा. सुमारे २६,५०० टन पोलादाचा हा पूल १९४३ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचे भाग नटबोल्टांनी नव्हे, रिव्हेटांनी जोडलेले आहेत. लाल तापवून ठोकलेली रिव्हेट निवताना आखडते आणि पत्रे आवळून धरते. धातुविद्येचा पहिला पाठ तो हाच!

दुसरा पाठ पलीकडे, हावड्यातील लोहारभट्टीपाशी. नवशिका मुलगा छिन्नी लाल तापवून पाण्यात बुडवतो. ती काचेसारखी कठीण होते, आणि पहिल्याच घावाला तिची कपची उडते. ती डोळ्यांतही जायची. असे का व्हावे? तापल्या पोलादात कर्ब लोहाच्या स्फटिकांत विरघळतो. एकाएकी निवल्याने तो तेथेच अडकतो व स्फटिक ताणले जातात. छिन्नी पुन्हा हलकेच तापवली की काही कर्ब सुटतो, ताण उतरतो. घासून उजळलेल्या धारेवर तेव्हा गंजाहूनही पातळ असा थर चढून रंग उमटतात: २३० अंश सेल्सिअसच्या सुमारास पिवळा, पुढे जांभळा, ३०० च्या आसपास निळा. छिन्नीसाठी जांभळ्यावर थांबावे.

जुन्या लोहाराला हे नजरेने कळते. पण शिकणाऱ्याला केवळ रंग सांगणे आम्हांस अपुरे वाटते. त्याच्या हाती लोहचुंबक द्यावा. पुरेसे तापलेले पोलाद चुंबकाला चिकटत नाही. त्याहून किंचित अधिक तापवून मग पाणी द्यावे. डोळ्यांवर चष्मा मात्र भट्टी पेटवण्यापूर्वीच चढवावा.