टीव्हीचं चित्र का फाटतं?

गेल्या वर्षी २६ जानेवारीला मी शाळेच्या परेडमध्ये होतो आणि आजोबा साताऱ्याजवळच्या आमच्या गावी टीव्हीसमोर. आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. दिल्लीचं संचलन ते दर वर्षी इस्त्रीचा सदरा घालून पाहतात आणि राष्ट्रगीताला घरातच उभे राहतात. त्या दिवशी नेमकी त्यांच्या रेजिमेंटची तुकडी येत असताना चित्राच्या चौकटी चौकटी झाल्या, आवाज तुटला आणि पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी आली. आजोबा काही बोलले नाहीत. टीव्ही बंद करून अंगणात जाऊन बसले. हे मला आजीनं फोनवर सांगितलं.

मग घरी नवा सेट-टॉप बॉक्स आला. पैसे गेले, चित्र मात्र फाटतच राहिलं. यंदा हिवाळी सुट्टीत हा दोष शोधायचाच असं मी ठरवलं. त्यात जे शिकलो ते इथे लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी डिश आहे, तेव्हा कुणाला तरी उपयोग होईल.

आधी सिग्नल घरात येतो कसा ते पाहू. आमच्याकडे दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या भारतीय उपग्रहावरून येतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटनं सोडला गेला. विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आहे. पृथ्वीच्याच वेगानं फिरत असल्यामुळे आपल्याला तो एका जागी स्थिर वाटतो. इतक्या लांबून येणारा सिग्नल फार क्षीण असतो. डिश तो गोळा करून समोरच्या दांड्यावरच्या एलएनबीवर टाकते. एलएनबी त्याची फ्रीक्वेन्सी कमी करून तो केबलमधून बॉक्सकडे पाठवतो. एलएनबीला लागणारी १३ किंवा १८ व्होल्टची वीज बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाते. म्हणून पिन उघडण्याआधी बॉक्सचा प्लग काढायचा, हा पहिला नियम.

आजोबा सांगतात, जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, पण माणसं दिसायची. डिजिटलमध्ये तसं होत नाही. सिग्नलमध्ये थोड्या चुका आल्या तर बॉक्स त्या स्वतः दुरुस्त करतो आणि चित्र अगदी स्वच्छ दिसतं. चुका त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्र एकदम फाटतं. कड्याच्या टोकापर्यंत सपाट जमीन असावी, तसं हे आहे. आज चित्र छान दिसतं म्हणजे सिग्नल भक्कम आहे असं नाही. तुम्ही कड्यापासून किती लांब आहात, हे चित्रावरून कळतच नाही.

ते कळतं बॉक्सच्या मेनूमधल्या सिग्नलच्या पानावर. तिथे दोन पट्ट्या असतात. स्ट्रेंथ म्हणजे केबलमधून किती जोर येतो ते. त्यात नको असलेला गोंगाटही धरलेला असतो. क्वालिटी म्हणजे त्यातलं बॉक्सला नीट किती वाचता येतं ते. लक्ष क्वालिटीवर ठेवायचं.

मी दोन दिवस दर दोन तासांनी क्वालिटीचा आकडा वहीत लिहिला. रात्री ५६, पहाटे ५६, सकाळी दहाला २९, दुपारी दोनला पुन्हा ५५. दुसऱ्या दिवशीही जवळपास तसंच. बॉक्स बिघडला असता तर तो घड्याळ पाहून बिघडला नसता. वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटं सिग्नल जातो. पण हा तर जानेवारी होता आणि खेळ तासन् तास चालत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी गच्चीवर गेलो. आजी कपडे वाळत घालत होती. दोरीचं एक टोक जिन्याच्या खांबाला आणि दुसरं डिशच्या पाइपला बांधलेलं होतं! ओल्या चादरींच्या वजनानं पाइप वाकत होता. आमच्यासारख्या ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम ३ अंश रुंद असते. पाइप एक-दोन अंश कलला तरी उपग्रह तिच्या नजरेतून निसटू लागतो. कपडे वाळून हलके झाले की पाइप जवळजवळ जागेवर यायचा. संचलनही सकाळचंच असतं, तेव्हा गेल्या वर्षी काय झालं ते आता कळलं.

यापुढे मी एकच पथ्य पाळलं: एका वेळी एकच बदल, आणि लगेच आकडा पाहायचा. दोरी सोडून दुसरीकडे बांधली. आकडा दिवसभर ५६ राहिला. एलएनबीजवळची पिन उघडली तर आत पाणी जाऊन तांब्याची तार हिरवी-काळी पडली होती. खराब टोक कापून नवी पिन लावली. जाळीचा एकही धागा मधल्या तारेला लागू दिला नाही, नाहीतर शॉर्ट होतं. वर रबरी टोपी चढवली आणि केबलला खाली एक झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी पिनेत न शिरता झोलावरून ठिबकतं. आकडा ६१ झाला.

शेवटी दिशा. आजोबांनी खालून विचारलं, "बेअरिंग किती?" आमच्या गावाहून या उपग्रहाचं बेअरिंग सुमारे १३१ अंश, म्हणजे आग्नेयेकडे, आणि उंची सुमारे ५९ अंश येते. मी कंपास डिशजवळच धरला होता. "लोखंडापासून लांब हो, काटा खोटं बोलेल," आजोबा म्हणाले. आठ पावलं मागे येऊन पुन्हा पाहिलं, तर डिश थोडी दक्षिणेकडे वळलेली होती. मूळ जागेवर खुणेची रेघ मारली, बोल्ट जरासे सैल केले आणि डिश केसभर हलवून थांबलो. आकडा बदलायला बॉक्सला काही सेकंद लागतात. खालून आजोबा आकडे ओरडून सांगत होते. आधी डावं-उजवं, मग वर-खाली. ७६ ला बोल्ट आवळले.

ज्यांच्या वडिलांची बदली होते त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. उपग्रह तोच, पण गावागणिक दिशा बदलते. बेळगावात बेअरिंग साधारण १२८, अजमेरला १४२, देहरादूनला १५१, तर गुवाहाटीत १७६, म्हणजे जवळजवळ थेट दक्षिण. डिश सामानाबरोबर नेता येते, तिचा कोन नेता येत नाही. आणखी एक. आपल्या डिशचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो. त्यामुळे डिश दिसायला बरीच उभी वाटते, पण तिची नजर त्याहून वर असते. 'आकाशाकडे तोंड नाही' म्हणून ती उगाच वाकवू नका.

तुमच्या घरी कारण वेगळं असू शकेल. पावसाळ्याआधी छाटलेलं झाड पुन्हा वाढून डिशच्या आड आलं असेल, उंदरानं केबल कुरतडली असेल, एलएनबीचं टोपण तडकलं असेल. जोराच्या पावसात मात्र काहीच दुरुस्त करायचं नसतं. सिग्नलची लहर ३ सेंटिमीटरपेक्षाही आखूड असल्यामुळे पावसाचे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. सर थांबली की चित्र आपोआप येतं. पावसात किंवा विजा चमकत असताना गच्चीवर जाऊ नका. डिश उतरत्या छपरावर किंवा कठड्याबाहेर असेल तर कारागिराला बोलवा, आणि आपली वही त्याला दाखवा. त्याचा वेळ वाचेल, तुमचे पैसे वाचतील.

या २६ जानेवारीलाही मी शाळेतच होतो. रविवारी फोन केला तेव्हा आजोबांनी आधी माझ्या परेडची चौकशी केली. मग म्हणाले, "सगळं संचलन दिसलं. आमची तुकडीसुद्धा." मागून आजीचा आवाज आला, "आणि सांगा त्याला, चादरी मी दुपारी धुतल्या!"