जहाजावरील केरकचरा

मालवाहू जहाज म्हणजे पाण्यावर चालणारे एक लहानसे गावच होय. वीस-पंचवीस माणसे तेथे आठवडेच्या आठवडे राहतात, जेवतात, यंत्रे पुसतात, खोकी फोडतात. घरातल्यासारखाच कचरा साचतो. मात्र तो न्यावयास दारात गाडी येत नाही.

पूर्वी खलाशी तो कठड्यावरून खुशाल खाली लोटून देत. एवढ्या अफाट सागराला मूठभर कचऱ्याचे काय, असे त्यांना वाटे. लाकूड, ताग, कागद होते तोवर ते बरेचसे खपूनही गेले. प्लॅस्टिक आले आणि तो हिशेब चुकला. ते कुजत नाही, झिजून बारीक होते एवढेच. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालावयास येतात, हे तुम्ही ऐकले असेल. पाण्यात तरंगणारी पिशवी भक्ष्य समजून कासव गिळते. तिने आतडे तुंबले, की ते प्राणास मुकते.

कोल्हापूरचा मुलगा म्हणेल, आमच्याकडे ना बंदर, ना जहाज! खरे आहे, पण पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते आणि कृष्णा जवळचा पश्चिम सागर सोडून थेट बंगालच्या उपसागरास जाते. जहाजांहून किती तरी अधिक कचरा समुद्रात जमिनीवरूनच जातो.

जहाजांसाठी अनेक राष्ट्रांनी मिळून नियम केले. ते ३१ डिसेंबर १९८८ रोजी अमलात आले व २०१३ पासून अधिक कडक झाले. प्लॅस्टिक कोठेही टाकावयाचे नाही, मग किनारा कितीही दूर असो. उरलेले अन्न किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, जहाज चालू असतानाच टाकता येते. २५ मिलिमीटरांहून बारीक दळले असल्यास ३ मैलांपलीकडे. (सागरी मैल १८५२ मीटरांचा, म्हणजे सडकेवरील मैलाहून मोठा.) काही समुद्रांत याहूनही कडक बंधने आहेत. पुष्कळ जहाजांवर कचरा जाळण्याची भट्टी असते; तिची राखदेखील समुद्रात टाकण्यास मनाई आहे. असा सर्व कचरा पिंपांत साठवून बंदरात उतरवावयाचा व पावती घ्यावयाची. बंदराने तशी सोय ठेवली नाही, तर एकट्या कप्तानास दोष देणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

भर समुद्रात रात्री पाहावयास कोण असते? म्हणून एक नोंदवही ठेवावी लागते. तारीख, वेळ, जहाजाचे स्थान, कचऱ्याचा प्रकार, तो किती घनमीटर, हे लिहून अधिकारी सही करतो. पान भरले की कप्तान करतो. मुंबईस वा न्हावा-शेव्यास जहाज लागले, की तपासनीस ती वही मागू शकतो. पंचवीस माणसे महिनाभर प्रवासात होती आणि प्लॅस्टिकच्या रकान्यात शून्य, असे दिसले तर तो वही मिटून स्वयंपाकघराकडे वळतो व तेथील पिंपे उघडून पाहू लागतो.